भाकरीची भीती



अन्नाची टंचाई म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, ती माणसे आजही ताटातला भाकरीचा तुकडा टाकू देत नाहीत. तेव्हा घरात ज्वारी भरपूर असून एखादी पोर भीतीने जेवत नाही, असे सांगितले तर मंद्रूपच्या पारावरची मंडळी म्हणतील, "खायची कसली आलीय भीती? नखरे आहेत झालं!"

पण मंडळी, हे नखरे नव्हेत. हा आजार आहे आणि तो जिवावरही बेततो.

लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली या आजाराला नाव दिले. मूल उपाशी राहते, अंगावर मांस उरत नाही, तरी आपण जाडच आहोत असे त्याला वाटते. आजाराचा दुसरा प्रकार असा, की मूल चोरून भराभर खाते आणि मग घशात बोटे घालून ओकून टाकते. मुलींत हे जास्त दिसते; पण मुलगेही सुटलेले नाहीत.

"हे विलायती खूळ, आपल्याकडे कुठलं?" असे तुम्ही म्हणाल. मग फिजी बेटांची हकीकत ऐका. तिथे भरल्या अंगाच्या माणसाला मान होता. तिथल्या एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी पोचली. त्या वेळी वजन घटवण्यासाठी ओकून टाकते, असे सांगणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत आढळली नव्हती. तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, शंभरातल्या अकरा मुली तसे सांगू लागल्या. आपल्याकडे तर आता घरोघरी मोबाइल आहे.

शिवाय हा आजार प्रत्येक मुलुखात निराळ्या भाषेत बोलतो. हाँगकाँगच्या सिंग ली या मनोविकारतज्ज्ञांना १९९० च्या दशकात असे पुष्कळ रुग्ण भेटले, की जे जाडीचे नावच काढत नव्हते. "पोट फुगतं, भूक नाही," एवढेच ते सांगत. आपल्याकडची मुलगीही "आज माझा उपास आहे," म्हणून पानावरून उठू शकते. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार हे आपल्या घरचे नेम. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. मात्र उपास घरच्या नेमाबाहेर वाढत चालले, पारण्याच्या दिवशीही घास उतरेना, तर सावध व्हा. पाळी बंद होणे, सतत थंडी वाजणे, चक्कर, केस गळणे, जेवण होताच मोरीकडे धावणे, या खुणाही ध्यानात ठेवा.

अशा वेळी आहारतज्ज्ञाचे काम नुसता तक्ता लिहून देण्याचे नसते. पहिली गोष्ट, घरची भाषा. भीमेकाठच्या या पट्ट्यात अनेक घरांत मराठी आणि कानडी दोन्ही नांदतात. मूल ज्या भाषेत रडते, त्या भाषेत त्याच्याशी बोलावे. दुसरी गोष्ट, घरचे अन्न. परक्या पाल्याची कोशिंबीर नि महागडी भुकटी कशाला? शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. जोडीला तुरीची आमटी, शेंगाचटणी, दही, पालेभाजी असली की ताट सजले. उपासाच्या दिवशी नुसता साबुदाणा नको. शेंगदाणे, दूध, राजगिरा जोडीला हवेत. आणि तिसरी गोष्ट, स्वयंपाकघराचा कारभार जिच्या हाती, त्या आजीला वा आईला बोलण्यात सामील करून घ्यावे.

पण एक धोका आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर जेवू घालू नका. अचानक आलेल्या अन्नाने रक्तातले क्षार घसरतात आणि हृदय बंद पडू शकते. फार खंगलेल्या मुलाला आधी डॉक्टरांकडे न्या; आहार त्यांच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवावा.

उपाशी राहिल्याने मनही बिघडते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले. ती माणसे चिडचिडी, उदास झाली. रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली. तेव्हा "हट्टी आहे" म्हणून मुलीला मारू नका. ताटाशी भांडण करून आजार हटत नाही.

गुरुजनहो, तुमच्याकडे एक मागणे आहे. वर्गात वजन घेताना आकडा मोठ्याने पुकारू नका. 'जाडी', 'काडी', 'काळी' ही टोपणनावे वर्गात चालू देऊ नका. लग्नाच्या बोलण्यांत पुढे मुलींना तेच ऐकावे लागते. डब्याला रोज चुकवणारे मूल दिसले तर एकांतात विचारा, "बाळ, जेवताना काय वाटतं तुला?" एवढे विचारणारे कोणी भेटले, तरी पुष्कळ गाठी सुटतात.

गावाजवळच्या आरोग्य केंद्रात जा. तेथून सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात जाता येईल. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा सरकारी दूरध्वनी २०२२ पासून आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

आपण पाहुण्याला आग्रहाने वाढतो. घरातले एखादे लेकरू आपल्याच ताटापुढे पाहुण्यासारखे अवघडून बसले असेल, तर आग्रहाआधी त्याच्या शेजारी बसा, आणि आपणही त्याच्याबरोबर जेवा.