माहूरझरीचे कासे, मनसरचे मँगनीज

नागपूरलगतच्या माहूरझरीत महापाषाणयुगीन शिळावर्तुळे आहेत. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी आपल्या माणसांसोबत कधी कधी घोडाही पुरला, लोखंडी लगाम आणि तांब्याच्या साजासकट. डॉ. शां. भा. देव यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी इथे उत्खनन केले. पुढे डॉ. वसंत शिंदे आणि कोरियाचे धातुतज्ज्ञ जांग-सिक पार्क यांनी विदर्भातल्या अशा स्थळांवरील कांस्यवस्तू तपासल्या, तेव्हा त्यातल्या काहींत कथिलाचे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या आसपास निघाले.

तांब्यात एवढे कथील घातले की धातू कठीण आणि खणखणीत नादाचा होतो, पण हळूहळू निवू दिला तर ठिसूळही होतो. गार असताना ठोकला की तडकतो. म्हणून तो लालबुंद असतानाच ठोकायचा आणि तापलेला पाण्यात बुडवायचा. विदर्भातल्या त्या कारागिरांना हे तंत्र अवगत होते. विदर्भात कथिलाची खाण नाही. कथील बाहेरून मिळवायचे आणि त्याचे माप राखायचे, हे करणाऱ्यांना नुसते ‘गुरे राखणारे’ म्हणणे अन्यायाचे आहे. तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी याच कुळातली.

भंडाऱ्याचे नाव पितळेशी जोडले गेले आहे. तांब्यात जस्त मिसळून झालेल्या पितळेचे गुंड आणि गंज तिथल्या तांबटांनी घडवले. स्टीलची भांडी आली आणि ठोकणीचा आवाज कमी होत गेला.

विदर्भाचा सर्वांत मोठा धातू मात्र भांड्यांत दिसत नाही. नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव. भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट, उकवा, तिरोडी. या सगळ्या पट्ट्यात काळेभोर मँगनीज सापडते. १८९६ साली इथल्या शोधासाठी ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाली. तिचीच पुढे ब्रिटिश कंपनी झाली आणि १९६२ मध्ये भारत सरकारच्या भागीदारीत ‘मॉयल’ ही मँगनीज खाणकंपनी उभी राहिली. १९७७ मध्ये ब्रिटिश कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारकडे आला. मुख्यालय आजही नागपुरातच आहे. भूवैज्ञानिक एल. एल. फर्मोर यांचा भारतातल्या मँगनीजवरचा भलामोठा ग्रंथ १९०९ चा. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांच्या इथल्या खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ म्हटले. ज्या गोंडांच्या मुलखात हे खनिज निघाले, त्यांचे नाव अशा रीतीने जगाच्या भूविज्ञानात कायमचे राहिले. विशाखापट्टणमचे बंदर १९३३ मध्ये सुरू झाले, त्यामागेही मध्य प्रांताचे मँगनीज परदेशी पाठवण्याची निकड होती.

परदेशाला ते एवढे का हवे होते? लोखंडात थोडे तरी गंधक राहतेच. पोलाद तापवून लाटताना गंधकाचे लोहसंयुग कणांच्या सीमांवर वितळते आणि पोलाद फाटते. मँगनीज ते गंधक स्वतःकडे ओढून घेते, शिवाय वितळलेल्या पोलादातला ऑक्सिजनही काढते. हेन्री बेसेमर यांनी १८५६ मध्ये पोलाद झटपट बनवायची पद्धत जाहीर केली, पण तिचे पोलाद भरवशाचे झाले ते रॉबर्ट मशेट यांनी मँगनीजयुक्त लोखंड घालून दाखवल्यावर. साध्या रुळात मँगनीज टक्काभर पुरते. १८८२ मध्ये शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी ते १२ टक्क्यांच्या आसपास नेले, तेव्हा हाती आलेले पोलाद वेगळ्याच स्वभावाचे होते. त्यावर जितके घाव पडतील तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो, आतला भाग मात्र चिवटच राहतो. खडीफोड यंत्रांचे जबडे त्याचेच बनतात. रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे प्रत्येक चाक आदळते, म्हणून भारतीय रेल्वे तिथेही ओतीव मँगनीज पोलाद वापरते. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग ज्या नागपुरात मिळतात, त्या शहराला याचे मोल वेगळे सांगायला नको.

डोंगरी बुजुर्गची गोष्ट निराळी. तिथल्या खनिजात मँगनीज डायऑक्साइड भरपूर, त्यामुळे ते टॉर्चच्या सेलसाठीही वापरले जाते.

पोलादासाठी मात्र खनिज आधी विजेच्या भट्टीत कोकसोबत वितळवून फेरोमँगनीज करावे लागते. त्यात मँगनीज ७० टक्क्यांहून अधिक असते. एका टनामागे हजारो युनिट वीज लागत असल्याने या धंद्याचे भवितव्य विजेच्या दरावर ठरते. चंद्रपूरला ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीचा असा प्रकल्प आहे, बालाघाटला मॉयलचा. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची औष्णिक केंद्रे याच प्रदेशातली. कोळसाही इथलाच आणि त्याची राखही इथल्याच गावांवर पडते. तरी इथले पुष्कळ खनिज कच्चेच रायपूरकडे, आंध्रकडे, बंगालकडे निघून जाते. वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यात मोटारींच्या भागांसाठी मिश्र पोलाद तयार होते, म्हणजे धातू वितळवण्याचे काम भंडारा जिल्ह्यात होऊ शकते. तुमसर-रामटेकच्या तरुणांना खाणीतल्या कामाखेरीज भट्टीवरचे आणि प्रयोगशाळेतले कामही घराजवळ मिळायला हवे. त्यासाठी या भट्ट्यांना परवडेल अशा दराने वीज देणे, ही पहिली पायरी आहे.