घरगुती साधनांनी पिकाचे चलच्चित्र

१९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन मुंबईस परतले. चित्रपटासाठी भांडवल देण्यास मात्र कोणी धजेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर अचल ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले. अंकुर फुटून रोप वाढताना पडद्यावर दिसले आणि भांडवलाची वाट मोकळी झाली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर याहूनही पुढे गेले. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या कारागिराने सहकाऱ्यांच्या साहाय्याने कॅमेराच घरी घडविला. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात कशी जाते, हे त्यांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश' या चित्रपटाने दाखविले.

आज कॅमेरा घडविण्याची गरज उरलेली नाही. तो मोबाइलमध्येच असतो. उणीव असते ती स्थिर बैठकीची व एकसारख्या प्रकाशाची, आणि ती सुताराकडील तुकड्यांनी भरून निघते.

सोयाबीनचे उदाहरण घ्यावे. हे बी तीन-चार सेंटिमीटरहून फार खोल पडले, तर कोंब वर येण्यापूर्वीच थकतो. वर मातीची पापडी धरली असेल, तर त्याची मान मोडते. मग दुबार पेरणी, म्हणजे महागड्या बियाण्याचा खर्च पुन्हा! सभेत हे कितीदा सांगितले तरी पाभर खोल जावयाची ती जातेच. डोळ्यांनी पाहिलेले मात्र शेतकरी विसरत नाही.

सारख्या मापाच्या दोन कुंड्यांत एकाच शेतातील माती भरावी. एकीत बी तीन सेंटिमीटर, तर दुसरीत दहा सेंटिमीटर खोल लावावे. पाणी दोहोंस सारखेच द्यावे. पुठ्ठ्याचे मोठे खोके आडवे ठेवून कुंड्या त्यात मांडाव्यात व वरून एक पांढरा एलईडी दिवा सोडावा. सूर्यप्रकाश क्षणोक्षणी बदलतो व चित्र लुकलुकते, म्हणून खोली शक्यतो अंधारी असावी. दोन फळ्या काटकोनात ठोकून उभ्या फळीवर मोबाइल बसेल अशी खाच करावी आणि आडव्या फळीवर वाळूची पिशवी ठेवावी. काच तडकलेला जुना मोबाइलही चालेल. तो दहा दिवस अडकून राहावयाचा आहे, तेव्हा जुना असलेलाच बरा. त्यास विजेची जोडणी कायम ठेवावी. प्रकाश व केंद्र यांची मापे एकदा ठरवून कुलूपबंद करावीत.

दर पंधरा मिनिटांस एक चित्र घेतल्यास दिवसाची ९६ व दहा दिवसांची ९६० होतात. सेकंदास २४ या वेगाने ती दाखविली की चाळीस सेकंदांचे चलच्चित्र तयार होते. भारनियमनात दिवा विझल्यास काळी आलेली चित्रे जोडताना गाळावीत. पाणी घालताना कुंडी तसूभरही हलू देऊ नये. हलली की रोप पडद्यावर उडी मारते आणि पाहणारे हसतात.

शेतातील चित्रणासाठी तीन बांबूंची तिकाटी पुरते. वाऱ्यात ती डोलू नये म्हणून मध्ये दगड टांगावा. भर दुपारी पानावर काळी सावली पडते, तेव्हा बांबूच्या चौकटीवर जुने धोतर ताणून सूर्याच्या बाजूस धरावे. पानाखालची कीड दाखवावयाची असल्यास पुठ्ठ्यावर चकचकीत चांदीकागद चिकटवून त्याने खालून उजेड परतवावा. हे फलक धरण्यास शाळकरी मुले आनंदाने येतात, परंतु फवारणी झालेल्या शेतात त्यांना नेऊ नये.

चलच्चित्र पेरणीपूर्वी, मृगाच्या आधीच्या आठवड्यात चावडीवर दाखवावे. दोन्ही कुंड्या शेजारीच मांडून ठेवाव्यात. खोल पेरलेल्या कुंडीतील माती सर्वांसमक्ष उकरावी आणि आत वाकून राहिलेला कोंब एखाद्या जाणत्या शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवावा.