उभ्या गाड्या, आडवे गैरसमज

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत गटार, दिवाबत्ती, पाणीपट्टी हे विषय ठरलेले. अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक विषय हटकून निघतो: रस्त्यावर पडून असलेल्या गाड्या. शाळेच्या वळणावर चाकं काढून नेलेली ओमनी, एसटीच्या थांब्याला खेटून दोन पावसाळे काढलेला टेम्पो, गाळप हंगाम संपून गेला तरी जागची न हललेली उसाची ट्रॉली. चर्चा होते, आवाज चढतात आणि ‘आपल्या हातात काय आहे?’ असं म्हणून विषय गुंडाळला जातो. खरं तर हातात बरंच काही आहे. त्यासाठी आधी काही समजुती बाजूला साराव्या लागतील.

गैरसमज १ : पार्किंगचे नियम शहरातले. गावात ना फलक, ना ट्रॅफिक पोलीस.

वस्तुस्थिती : मोटार वाहन अधिनियम १९८८ हा शहर आणि गाव असा भेद करत नाही. जिथे लोकांना ये-जा करण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा या कायद्याने ‘सार्वजनिक ठिकाण’ ठरते. त्यात महामार्ग येतो, तसा वेशीपासून देवळापर्यंतचा रस्ताही येतो. चौक, वळण, चढाचा माथा, बसथांबा, शाळेचं किंवा दवाखान्याचं प्रवेशद्वार, दुसऱ्या उभ्या गाडीच्या समोर, या जागी गाडी लावायला मुळातच मनाई आहे. त्यासाठी ‘नो पार्किंग’चा फलक लागत नाही. वाहतूक शाखा तालुक्याला किंवा जिल्ह्याला असली, तरी गाव ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं त्या ठाण्याला कारवाई करता येते.

गैरसमज २ : गाडी महिनोन्‌महिने पडून राहिली, तरच ती हटवता येते.

वस्तुस्थिती : कलम १२७ मध्ये मुदत दिली आहे ती १० तासांची. सार्वजनिक ठिकाणी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली गाडी टोइंगने उचलण्याचा किंवा तिच्या चाकाला जॅमर लावण्याचा आदेश हद्दीतला गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो. मोडलेली, जळालेली, सुटे भाग काढलेली गाडी रहदारीला धोकादायक ठरत असेल, तर १० तास थांबायचीही गरज नाही. ती ताबडतोब हलवता येते. उचलण्याचा सगळा खर्च मालकाच्या माथी. शिवाय रहदारीला अडथळा केल्याबद्दल कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड होतो. सार्वजनिक वाटेत धोका किंवा अडथळा निर्माण केल्याचा गुन्हा नोंदला गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार दंडाची मर्यादा ५,००० रुपये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी, जुन्या दंड संहितेत, ती अवघी २०० रुपये होती.

गैरसमज ३ : रस्ता कुणाचा, हे ठरल्याशिवाय काही करता येत नाही.

वस्तुस्थिती : याच मुद्द्यावर अर्ज सर्वाधिक फिरतात. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. खड्डा बुजवायचा असेल तर हा हिशेब पाहावाच लागतो. गाडी हटवायला मात्र तो लागत नाही. कलम १२७ चा अधिकार पोलिसांचा आहे, रस्ता कुणाच्याही वहीत असो. सार्वजनिक रस्त्यावरचे अडथळे आणि अतिक्रमणं काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीलाही आहे, तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने दिलेला. पण म्हणून सरपंचांनी जेसीबी बोलावून कुणाची गाडी ओढ्यात लोटावी, असा त्याचा अर्थ होत नाही. तसं केलं तर नुकसानभरपाईचा दावा गळ्यात पडू शकतो. सभेत ठराव करायचा आणि त्याची प्रत जोडून पोलिसांकडे जायचं, हा सरळ मार्ग.

गैरसमज ४ : बेवारस गाडी कुणाचीच नसते. एखादं टायर काढलं तर बिघडलं कुठे?

वस्तुस्थिती : नंबरप्लेट गेली म्हणून मालक जात नाही. दुचाकीच्या हँडलखालच्या नळीवर, चारचाकीच्या सांगाड्यावर चासी नंबर ठोकलेला असतो. गंज घासून त्यावर कागद धरायचा आणि पेन्सिल फिरवायची, छाप उमटते. आरटीओत गाडीच्या तपासणीला हीच छाप घेतात. त्या नंबरावरून नोंदणी सापडते, आणि कधी कधी ती गाडी दुसऱ्या जिल्ह्यातून चोरीला गेलेली निघते. अशा गाडीची बॅटरी किंवा टायर नेणारा चोरीच्या गुन्ह्यात सापडू शकतो.

गैरसमज ५ : गाडी विकली, चावी दिली, पैसे घेतले. आता माझा काय संबंध?

वस्तुस्थिती : आरसी बुकावर नाव आहे तोवर संबंध आहे. गाडी राज्यातल्या राज्यात विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आहे. गाडी पुढे अनेकांच्या हातून गेली, तरी नोंद ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या दाव्यात स्पष्ट केलं. चौथ्या मालकाने ओढ्याकाठी सोडून दिलेल्या गाडीची नोटीस म्हणूनच पहिल्याच्या दारात येते.

गैरसमज ६ : गाडी उभीच आहे, तिला विमा कशाला?

वस्तुस्थिती : ऑक्टोबर १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून उलटला. गळणारं पेट्रोल पाहून लोक जमले. काही तासांनी भडका उडाला आणि जीव गेले. टँकर आडवा पडला होता, मग तो ‘वापरात’ कसा, असा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९१ मध्ये निकाल लागला: हलू न शकणारी गाडीसुद्धा कायद्याच्या अर्थाने वापरात असू शकते. अंधारात, रिफ्लेक्टरविना रस्त्याकडेला सोडलेल्या ट्रॉलीवर कुणी दुचाकीस्वार आदळला, तर ‘ती उभी होती’ एवढ्या उत्तरावर मालक सुटेलच असं नाही. विमा नसेल तर भरपाई घरातून द्यावी लागते.

गैरसमज ७ : ठाण्यात नेली की गाडी तिथेच सडणार, त्यापेक्षा भंगारवाल्याला दिलेली बरी.

वस्तुस्थिती : ठाण्याच्या आवारातले गंजके ढीग पाहून हा समज झाला आहे आणि तो अगदीच निराधार नाही. पण जप्त वाहनं ठाण्यात सडत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावलं आहे. मालक सापडत नसेल, तर दंडाधिकारी जाहीर उद्‌घोषणा काढून सहा महिन्यांची मुदत देतात. हक्क सांगायला कुणी आलं नाही तर गाडी विकता येते. गाडी स्वतःची असेल, तर ती नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्यावी. तिथे मिळणाऱ्या जमा प्रमाणपत्रावर नवीन खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घेणंही मालकावर बंधनकारक आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याला परस्पर दिली, तर ती कागदावर जिवंतच राहते.

मग गावाने करायचं काय? पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. त्यात गाडीचा प्रकार, रंग, असल्यास नंबर, नेमकी जागा, ती केव्हापासून पडून आहे आणि अडथळा कसा होतो, हे लिहावं. तारीख दिसेल असा फोटो आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा, कलम १२७ चा उल्लेख करावा आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नये. एक प्रत पोलीस पाटलांकडे द्यावी. दखल घेतली गेली नाही, तर पुढचं दार तहसीलदारांचं: कार्यकारी दंडाधिकारी म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक वाटेतला अडथळा दूर करण्याचा आदेश ते देऊ शकतात. सभेत चढलेल्या आवाजाची नोंद कुठे होत नाही. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला मात्र कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.