ज्या खुणा आम्ही शिकवल्या

गेल्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या थोरल्या वहिनींच्या मोबाइलवर एक संदेश आला. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार सर्व बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते बदलत असून, सोबतच्या दुव्यावर जाऊन आपली ओळख तत्काळ पटवावी, अन्यथा निवृत्तिवेतन जमा होण्यात व्यत्यय येण्याचा संभव आहे, असा त्याचा मजकूर होता. त्यात ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती, विरामचिन्हे जागच्या जागी होती, आणि दुव्यावर उघडलेले पान रंग, बोधचिन्ह, मांडणी अशा सर्व बाबतींत बँकेच्या पानासारखेच दिसत होते. वहिनींनी खातेक्रमांक भरला, परवलीचा शब्द भरला, पाठोपाठ आलेला सहा अंकी आकडाही भरला, आणि चाळीस हजार रुपये गेले. तासाभराच्या आत १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यामुळे त्यांतील काही रक्कम मधल्या एका खात्यात गोठवली गेली, एवढेच समाधान.

"भावोजी, तुम्हीच ना सांगितलं होतं, मराठी अशुद्ध दिसली की पान खोटं समजावं म्हणून?" त्या मला म्हणाल्या. "हे तर शाळेतल्या बाईंनी तपासून दिल्यासारखं होतं."

सांगितले होते, हे खरे. २००७ च्या सुमारास अंधेरी पूर्वेच्या एका सोसायटीच्या सभागृहात निवृत्त मंडळींसाठी मी दर रविवारी जो वर्ग घेत असे, त्यात पहिल्या बाकावर वहिनी बसत, आणि खोटे पान ओळखण्याच्या ज्या तीन खुणा मी फळ्यावर लिहून देत असे, त्यांतली एक हीच होती. दुसरी होती पत्त्याशेजारचे कुलूप, आणि तिसरी पत्त्याचे स्पेलिंग. या तीन खुणांपैकी दोन आज निकामी झाल्या आहेत आणि तिसरीच तेवढी उरली आहे. आणि हे असे का झाले, याचा मागोवा मला माझ्या स्वतःच्या दहा वर्षांतून घ्यावासा वाटतो.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्याला नुकतीच तीस वर्षे झाली. त्यातली पहिली चार-पाच वर्षे महागडी, संथ आणि मूठभरांची होती. त्यांविषयी लिहावे असे माझ्यापाशी फारसे काही नाही. माझी गोष्ट सुरू होते २००० मध्ये, गोखले पुलाच्या पूर्वेकडील उताराजवळ मी दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेऊन संकेतस्थळे बांधण्याचा व्यवसाय मांडला तेव्हापासून. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतले यंत्रभागांचे कारखानदार, सीप्झमधल्या दागिन्यांच्या पेढ्यांना माल पुरवणारे, मंगल कार्यालयांचे चालक आणि एक-दोन पतपेढ्या असे माझे गिऱ्हाईक. तेली गल्लीपासून चकाल्यापर्यंत सायबर कॅफे नुसते उगवत होते. त्या कॅफेंमधल्या बंदिस्त खणांत मुले काय पाहतात, या चिंतेने मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये एक समितीही नेमली होती, आणि ओळखपत्र तपासावे, अल्पवयीनांना उघड्यावर बसवावे, अशा शिफारशी तिने केल्या. आत बसणाऱ्याने खऱ्याखोट्या पानांची पारख कशी करावी, हा प्रश्न त्या काळी कोणाच्याच दप्तरी नव्हता.

आमच्या दप्तरी होता तो अक्षराचा प्रश्न. त्या वेळी मराठी पान म्हणजे पडद्यावर देवनागरी आणि पोटात रोमन असा प्रकार असे. प्रत्येक कंपनीच्या फाँटची संकेतावली निराळी. एकाच्या 'क'च्या जागी दुसऱ्याचा 'ळ' बसे, आणि वाचकाच्या यंत्रात तो फाँट नसला की साऱ्या लेखाची जागा निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग घेई. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान असूनही फाँटविक्रेत्यांनी आपापल्या बंद संकेतावल्या वर्षानुवर्षे कवटाळून ठेवल्या, कारण गिऱ्हाईक एकदा त्यात अडकले की दुसरीकडे जाऊ शकत नसे. त्यापायी मराठी वृत्तपत्रांचे, ग्रंथालयांचे, संस्थांचे किती लेखन शोधयंत्रांना अदृश्य राहिले आणि पुढे वाचताही येईनासे झाले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. त्या विक्रेत्यांविषयीचा माझा राग आजही ओसरलेला नाही.

त्या अंधारात उजेड आला तो आमच्या शेजारून, जुहूहून. तेथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात बसून र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा युनिकोडचा फाँट घडवला आणि तो विंडोजसोबत जगभर गेला. कॅलिग्राफीत आयुष्य घालवलेल्या, पवईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांना अक्षर शिकवलेल्या त्या कलावंताने आपल्या दिवंगत पत्नीचे नाव त्या फाँटला दिले होते. तरीही विंडोज एक्सपीवर जोडाक्षरे नीट उमटावीत म्हणून मूळ तबकडीतून काही फायली वेगळ्या चढवाव्या लागत, आणि ती तबकडी खिशात घालून मी कित्येक संध्याकाळी कॅफेमागून कॅफे हिंडलो आहे. 'दुसऱ्या'तला 'ऱ्या' पहिल्यांदा अखंड उमटलेला पाहून एका कॅफेचा मालक उठून उभा राहिला होता. जोशी २००८ मध्ये गेले. ज्यांच्या श्रमांवर आज प्रत्येक मराठी माणूस बोट टेकवतो, त्यांचे नाव त्या माणसांपैकी शंभरांतल्या एकालाही ठाऊक नसावे, हे मला फार लागते.

परंतु अक्षर जिंकल्याच्या त्या आनंदात आम्ही रचनाकारांनी एक मोठी चूक केली. सुरक्षा हे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे, असे आम्ही धरून चाललो. फ्लॅशच्या नाचत्या मुखपृष्ठांवर आम्ही महिने घालवले, आणि धोक्याची सूचना मात्र यंत्राने इंग्रजीत जी दिली असेल ती तशीच राहू दिली. प्रमाणपत्र, कूटलेखन, अधिकृतता अशा शब्दांनी भरलेली इंग्रजी चौकट समोर आली की माझ्या वर्गातली माणसे क्षणाचाही विचार न करता 'यस' दाबत. ती अडाणी मुळीच नव्हती. कोणी पोस्टात बचतखात्यांची रुजवात केलेली, कोणी न्यायालयात शिरस्तेदार राहिलेले. दस्तऐवजातली खाडाखोड त्यांना हातभर अंतरावरून दिसे. पडद्यावरच्या इशाऱ्याची भाषाच तेवढी त्यांची नव्हती.

१ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या इंटरनेटवरील व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली, आणि ती एक अत्यंत शहाणी गोष्ट होती. त्याच सुमारास एका वित्तसंस्थेचे पान माझ्याकडे नव्याने रचण्यासाठी आले. पडताळणीचा आकडा म्हणजे तुमच्या तिजोरीची दुसरी किल्ली आहे, आमचा कोणताही कर्मचारी तो कधीही मागणार नाही, अशा अर्थाच्या चार ओळी मी मराठीत लिहून पहिल्याच पानावर ठळकपणे बसवल्या. अधिकाऱ्यांनी त्या काढायला लावल्या. पान ग्रामीण दिसते, आणि इशाऱ्याने खातेदार घाबरतो, ही कारणे त्यांनी दिली. मी वाद घातला, आणि अखेर बिल अडू नये म्हणून ओळी काढल्या. त्या काढायला नको होत्या.

पुढच्या दशकात मी गाळा सोडला, त्या उतारावरची दुकाने बदलली, मेट्रो आली. सुरक्षेचा वाद त्या वर्षांत भलतीकडेच गेला. पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक-मजकुरापायी २०१२ मध्ये अटक झाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६-अ कलमाचा त्यासाठी वापर झाला ते २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. नागरिकाच्या तोंडावर पहारा ठेवण्यात जी शक्ती खर्ची पडली, ती त्याच्या खात्यावर पहारा ठेवण्यात पडती तर बरे झाले असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून अवघ्या तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, तेव्हा हा विषय घराघरांत पोहोचला.

फळ्यावरच्या त्या तीन खुणांपैकी कुलूप याच काळात निसटले. दळणवळण वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढीच त्याची ग्वाही. पलीकडचा इसम प्रामाणिक आहे, असे ते कधीच सांगत नव्हते. २०१५ च्या अखेरीपासून प्रमाणपत्रे विनामूल्य मिळू लागली, ही गोष्ट सर्वथा इष्टच होती, परंतु तिच्यामुळे लबाडाच्या दारालाही तेच कुलूप लागले. आणि लोक त्याचा चुकीचा अर्थ लावतात म्हणून २०२३ मध्ये क्रोमने ते चित्रच काढून टाकले. मराठीची खूणही आता गेली, कारण हुकूम सोडला की यंत्र निर्दोष मराठी लिहून देते. आणि याच काळात वहिनींच्या बँकेचे खरे संदेश मात्र अजून त्रोटक, संक्षेपांनी भरलेल्या इंग्रजीत येतात. चोराने त्यांच्याशी त्यांच्या भाषेत, अदबीने, पूर्ण वाक्यांत बोलण्याची तसदी घेतली. बँकेने वीस वर्षांत घेतली नाही. मग त्यांनी कोणावर विश्वास ठेवला, यात नवल ते काय?

तिसरी खूण उरली आहे आणि ती पूर्वीपेक्षा बळकटही झाली आहे. बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर जाण्याची मुदत होती, आणि तो पत्ता हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेमार्फत केवळ बँकांनाच मिळतो. तजवीज उत्तम आहे. परंतु तो पत्ता रोमन लिपीत आहे. 'डॉट भारत' हे देवनागरी नाव २०१४ पासून हाताशी असताना बँकांसाठी तसा जोडपत्ता का देऊ नये, हे मला समजत नाही.

गेल्या रविवारी मी वहिनींकडे गेलो. पत्ता सुरुवातीपासून वाचायचा नाही; दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते तिच्या अलीकडचे शेवटचे दोन शब्द पाहायचे, हे मी कागदावर काढून दाखवले. त्यांनी तीन-चार पत्ते स्वतः तपासले, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला रकाने आखून पहिल्यात देवनागरीत लिहिले: बँक – शेवटी 'बँक', मग 'इन'.

"आणि विजेच्या बिलाचं?" त्यांनी विचारले. "गॅसचं?"

त्यांच्यासाठी असे राखीव नाव अजून कोणी ठेवलेले नाही, हे मी सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला, आणि त्या दोन्ही रकान्यांत 'भावोजींना फोन करणे' असे लिहून दिनदर्शिका पुन्हा खिळ्याला अडकवली.