रोजचा तांब्या सोसेल अशी माती

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं किन्हीराजा आणि भोवतालचं शिवार हा काळ्या मातीचा मुलूख. सोयाबीन पेरताना इथला शेतकरी पाण्याच्या निचऱ्याचा विचार आधी करतो. रुंद वरंबा-सरीवर पेरलं की पावसाचं जादा पाणी सरीतून वाहून जातं, पीक चिबडत नाही. तुळशीची कुंडी बदलायची वेळ आली की मात्र याच शिवारातली काळी माती घमेलंभर आणून कुंडीत दाबून भरली जाते. काही आठवडे झाड तग धरतं. मग खालची पानं पिवळी पडतात, शेंडे माना टाकतात आणि ‘पाणी कमी पडलं’ म्हणून आणखी एक तांब्या ओतला जातो. बहुतेक वेळा पाणी भरपूर असतं. तुटवडा असतो तो मुळांपाशी हवेचा.

शेतातला गुण, कुंडीतला दोष

दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. त्यातून झालेला बेसाल्ट खडक झिजून ही माती बनली. तिच्यातल्या स्मेक्टाइट गटातल्या चिकणखनिजांचे पापुद्रे पाणी आत ओढून घेतात आणि फुगतात. वाळले की आकसतात. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. खोल काळ्या रानात ही माती इतकी ओल धरून ठेवते की पाऊस सरल्यावर केवळ त्या ओलीवर हरभरा निघतो.

शेतात पाऊस अधूनमधून पडतो, म्हणून ओल राखून ठेवणारी माती मोलाची. तुळशीला मात्र रोज सकाळी पाणी मिळतं. तिथे ओल साठवण्याची गरज कमी आणि जादा पाणी सोडून देण्याची जास्त. कुंडीत ही माती ओली असताना फुगून सगळ्या फटी बुजवते. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या कडेच्या फटीतून सरळ खालच्या भोकाने निघून जातं, मधला गोळा कोरडा राहतो आणि झाडाला पाणी मिळालं असा आपला समज होतो.

मुळंही श्वास घेतात. पाणी आणि क्षार आत घेण्याची ऊर्जा त्यांना ऑक्सिजनमुळे मिळते. पण पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारांश असतो. मातीची छिद्रं पाण्याने भरली की मुळं गुदमरतात, कुजवणाऱ्या बुरशींचं फावतं. माती घट्ट असेल तर आणखी एक अडचण येते. मुळं स्वतः इथिलीन नावाचा वायू सोडत असतात. भुसभुशीत मातीत तो पसरून जातो, घट्ट मातीत मुळाभोवतीच साचतो. हा साचलेला वायू मुळाला ‘वाढ थांबव’ असा संदेश देतो, हे ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या बिपिन पांडे आणि सहकाऱ्यांनी 2021मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं. इथिलीनला दाद न देणारी रोपं घट्ट मातीतही मुळं अधिक सहज घुसवू शकली. म्हणजे दाबून भरलेल्या कुंडीत मूळ केवळ अडत नाही, ते स्वतःहून थांबतं.

तळाशी अडणारं पाणी

भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. छिद्रांमधलं केशाकर्षण ठरावीक उंचीपर्यंतचं पाणीच पेलून धरतं. ती उंची छिद्रांच्या आकारावर ठरते, स्पंज आडवा आहे की उभा यावर नाही. कुंडीतही हेच घडतं. भोक असलं तरी तळाच्या मातीचा एक थर पाण्याने भरलेलाच राहतो. माती जितकी बारीक, तितका हा थर उंच. कुंडी जितकी उथळ, तितका तिचा मोठा हिस्सा या थराने व्यापलेला.

म्हणून तळाशी गिट्टीचा जाड थर घालण्याची आवडती युक्ती उलटी पडते. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहजी उतरत नाही. पाण्याचा थर गिट्टीच्या वर सरकतो आणि मुळांना वापरता येणारी कोरडी जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरे. त्याचं काम माती वाहून जाऊ न देणं, एवढंच.

तळ जमिनीला मोकळा असलेल्या वृंदावनात हा प्रश्न येत नाही. तिथली माती खालच्या जमिनीशी जोडलेली असते आणि पाणी तिच्यात ओढलं जातं. गच्चीवर किंवा फरशीवर ठेवलेलं तयार सिमेंटचं वृंदावन ही मात्र कुंडीच. त्याला भोक आहे का, हे आधी पाहायला हवं.

मुळांची धाव भिंतीकडे

जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राच्या हेंड्रिक पूर्टर यांच्या गटाने रुग्णालयातल्या एमआरआयसारख्या तंत्राने कुंडीतली मुळं पाहिली. तीन चतुर्थांशाहून अधिक मुळं कुंडीच्या बाहेरच्या निम्म्या भागात होती. मुळं भिंतीपर्यंत पोहोचतात आणि तिच्याकडेने गोल फिरत राहतात. याच गटाने अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून 2012मध्ये मांडलं की कुंडीचं आकारमान दुप्पट केल्यास झाडाचं वस्तुमान सरासरी 43 टक्क्यांनी वाढतं.

विदर्भाच्या उन्हात याचा वेगळा अर्थ निघतो. मुळांची गर्दी भिंतीला खेटून असल्याने काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची तापलेली बाजू थेट त्यांना भाजते. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून वाफ होते आणि भिंत थंड राहते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तिला पाणी थोडं जास्त लागतं, पण मुळं वाचतात.

कधी आणि कशी

तुळशीच्या लग्नाआधी वृंदावन रंगवताना माती बदलण्याची अनेक घरांची पद्धत आहे. पण कार्तिकात रात्री गार होऊ लागतात, तुळशीची वाढ मंदावते आणि दुखावलेली मुळं सावकाश भरून येतात. पावसाने जम धरल्यावर, आर्द्रा नक्षत्राच्या सुमारास, हे काम उत्तम होतं. हवा दमट असल्याने पानांतून पाणी कमी उडतं आणि उबेमुळे नवी मुळं लवकर फुटतात. ती वेळ हुकली तर दसऱ्यापर्यंत तरी उरकावं. भर उन्हाळ्यात मात्र मुळीच नको.

मिश्रणात काळी माती चौथाईपेक्षा जास्त नको. बाकी भाग चाळलेला मुरूम, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट यांचा असावा. मुरमाचा भुगा चाळून काढून हरभऱ्याएवढे खडे ठेवावेत, कारण भुगा छिद्रं बुजवतो. काळ्या मातीत मूठभर बारीक वाळू मिसळणंही याच कारणाने फसतं: वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि मिश्रण विटेसारखं कडक होतं.

नवी कुंडी जुनीपेक्षा प्रत्येक बाजूला दोन बोटंच मोठी घ्यावी. एकदम फार मोठी घेतली तर जिथे मुळंच नाहीत तिथली माती दिवसचे दिवस ओली राहते. आदल्या दिवशी पाणी द्यावं, संध्याकाळी कुंडी आडवी करून ठोकावी आणि बुंध्याला हिसका न देता गोळा बाहेर सरकवावा. गोल फिरलेली मुळं कापायला भिऊ नये. टोक कापलं की मागून आडवी मुळं फुटतात. जुन्या काळ्या मातीचा बाहेरचा थर हाताने मोकळा करावा. तो तसाच ठेवला तर पाणी भोवतालच्या सैल मिश्रणातून निघून जातं आणि गोळा आतून कोरडा राहतो. सगळी माती धुऊन मात्र काढू नये, कारण पाणी शोषणारे केसासारखे नाजूक मूलरोम तिच्यासोबत तुटतात. काही तर तुटणारच, म्हणून वरच्या फांद्या एक तृतीयांश छाटून मंजिऱ्या खुडाव्यात. पानं कमी झाली की पाण्याची मागणीही घटते. झाड पूर्वीच्याच खोलीवर लावावं, आठवडाभर सावलीत ठेवावं, नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये. खुडलेल्या मंजिऱ्यांतल्या पक्व बिया जपून पेराव्यात, कारण तुळस दोन-तीन वर्षांत लाकडी होते आणि मग कुंडी बदलूनही ती पुन्हा तरुण होत नाही.

तुळशीला रोज पाणी घालणाऱ्या घराला ‘पाणी कमी घाला’ सांगून काही बदलत नाही. तो तांब्या तहानेपेक्षा रिवाजाने ओतला जातो. बदलता येते ती माती. सैल मिश्रण आणि मोकळं भोक असेल, तर श्रावणातही रोजचं पाणी मुळांजवळून वाहत जाईल आणि जाताना मागे ताजी हवा ओढून घेईल. सरी पाडून सोयाबीन वाचवणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्याने शिकवायची गरज नाही. तोच निचरा कुंडीत आणायचा आहे.