ग्रंथपाल नोकरी सोडतो तेव्हा

ज्यांची तसबीर आमच्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांत भिंतीवर असते, ते शियाळी रामामृत रंगनाथन या पेशात आले ते चांगल्या पगारासाठी. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवत होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपालाची जागा निघाली आणि मास्तरकीपेक्षा तिथे पैसे बरे होते. मुलाखतीपुरती तयारी त्यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला ग्रंथालयांवरचा लेख वाचून केली, असं सांगतात. रुजू झाल्यावर मात्र वर्गाची गजबज गेली आणि ते एकटेपण त्यांना सोसेना. थोड्याच दिवसांत ते प्राचार्यांकडे गेले आणि मला परत वर्गावर घ्या म्हणाले. आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून ये, तरीही नको वाटलं तर बघू, असं ठरलं. पुढचं सर्वांना ठाऊक आहे: १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री, १९३३ साली कोलन वर्गीकरण, आणि आता १२ ऑगस्टला त्यांच्या नावाने ग्रंथपाल दिन.

त्या दिवशीच्या भाषणांत कहाणीचा उत्तरार्ध तेवढा येतो. रोज तेरा-तेरा तास काम, सुट्टी नाही, लग्नाच्या दिवशीसुद्धा दुपारी ग्रंथालयात हजर! टाळ्या पडतात. परत जाऊ द्या म्हणणारा तिशीतला गोंधळलेला माणूस कुणाच्या भाषणात येत नाही. मला तोच जवळचा वाटतो. नवीन पेशात जीव रमत नाही हे त्याने वरिष्ठांना तोंडावर सांगितलं आणि वरिष्ठांनी त्याला नालायक ठरवलं नाही. परतीची वाट मोकळी होती, म्हणूनही कदाचित तो टिकला असेल.

आमच्याकडे ही मोकळीक क्वचितच मिळते, कारण ग्रंथालय म्हणजे सरस्वतीचं मंदिर असं आपण ठरवून टाकलं आहे. फोबाझी एटार या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी २०१८ साली एका लेखात या भक्तिभावावर नेमकं बोट ठेवलं. काम पवित्र मानलं की संस्था टीकेच्या पलीकडे जाते. मग कमी पगाराबद्दल, जादा कामाबद्दल, थकव्याबद्दल बोलणाऱ्याची निष्ठाच कमी पडते, असा त्यांचा मुद्दा. लेख अमेरिकेचा, पण वाचताना मला आमच्या वाचनालयाचं संचालक मंडळ दिसत होतं. देवळातल्या पुजाऱ्याला निदान दक्षिणा तरी मिळते.

महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली केला. अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली हजारो ग्रंथालयं त्याखालच्या अनुदानावर चालतात. २०२२च्या अखेरीस अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३० हजार ४८ हजारांवर गेले. ही सगळी रक्कम एकट्या ग्रंथपालाच्या हातावर ठेवली तरी महिन्याला चार हजार होतात. आणि त्यातूनच पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल भागवायचं असतं.

मी तालुक्याच्या गावी अशाच एका वाचनालयात बरीच वर्षं होते. आमचा खरा हंगाम दिवाळी. दिवाळी अंकांचे गठ्ठे आले की आधी बिलाशी ताळा, मग दाखल नोंदवहीत नोंद, आतल्या पानावर शिक्का, खाकी कव्हर, पाठीवर नंबर. टाचण्या उघडू नयेत म्हणून जाड अंक दाभणाने शिवायचे. दिवाळी अंक योजनेचे पैसे भरलेले सभासद तोवर काउंटरशी उभे. एका काकांना ‘आवाज’ सगळ्यांच्या आधी हवा असे, आणि तो दुसऱ्याच्या हातात दिसला की त्यांचा आवाज चढे. हे सगळं मला मनापासून आवडायचं, हे नमूद केलं पाहिजे. आवड आणि दमणूक एकाच देहात सुखाने नांदतात. रात्री झोप लागेना, सकाळी कुलूप उघडताना छातीत धडधडायला लागलं, नेहमीच्या वाचकांचा राग यायला लागला, तरी मी ‘एवढं आवडीचं काम असून’ असं स्वतःलाच सुनावत राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली. हा आजार नाही, नोकरीतल्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे, असं तिथे म्हटलंय, आणि खुणा तीन सांगितल्यात: गळून जाणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. वर्गीकरण करण्यात हयात गेलेल्या बाईला स्वतःचा वर्ग सापडायला डॉक्टरांकडे जावं लागलं.

अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याची गोष्ट मला त्या काळात फार आधाराची वाटली. ब्युनॉस आयर्सच्या एका नगरपालिका ग्रंथालयात तो सुमारे नऊ वर्षं नोकरीला होता. दिवसाचं काम तासाभरात उरकायचा, कारण जास्त काम केलंस तर आमचं पितळ उघडं पडेल, असं सहकाऱ्यांनीच बजावलं होतं. ती वर्षं अत्यंत दुःखात गेली, असं त्याने पुढे स्वतःच लिहिलं. १९४६ साली पेरॉनच्या राजवटीत त्याला बाजारातल्या कोंबड्या-सशांचा निरीक्षक नेमलं गेलं. त्याने राजीनामा दिला आणि पोटासाठी व्याख्यानं द्यायला लागला. चारचौघांत बोलायला घाबरणारा माणूस जगभर ऐकला जाणारा वक्ता झाला. १९५५ साली तो राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला, तोवर दृष्टी जवळपास गेलेली होती. अपमानाने झालेला पेशाबदलही माणसाला संपवत नाही, एवढं मी त्यातून घेतलं.

शेवटी मीही वाचनालय सोडलं. आज एका कारखान्याच्या दस्तऐवज विभागात आहे. नकाशे, करार, तपासणी अहवाल यांची सूची करते. विषयशीर्षकं, नोंदी, संदर्भ, सगळं तेच. अवघड गेलं ते ओळखीचं. गावात मी ‘वाचनालयातल्या बाई’ होते. लोक रस्त्यात थांबवून पुस्तकं सुचवायला सांगत. नंतर लग्नकार्यात कुणी ‘सध्या काय करता?’ विचारलं की मी उत्तर लांबवायची. बायकोची, आईची ओळख घरात मिळते; ही माझी स्वतः कमावलेली होती. ती काउंटरवर ठेवून यावी लागते असं मला वाटत होतं. तसं होत नाही. लोक अजूनही पुस्तकं विचारतात, आणि मला उत्तरं येतात.

मन जड झालं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं. आणि वाचकहो, हा अंक तुम्ही ग्रंथालयातून आणला असेल, तर पुढच्या वार्षिक सभेला जा आणि उभं राहून विचारा, आपल्या ग्रंथपालाला महिन्याला किती मिळतात?