चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा हात

जांभ्याची भिंत पाणी पिते. कोकणात आणि गोव्यात ज्या चिऱ्यांनी घरे बांधतात तो दगड छिद्राछिद्रांचा असतो. पावसाळ्याचे चार महिने तो पायातून आणि बाहेरच्या अंगातून ओल ओढतो आणि ऊन पडू लागले की हळूहळू सोडतो. अशा भिंतीला कोणता लेप द्यायचा हे ठरवताना डब्यावर छापलेले हिरवे पान पाहण्याआधी ही ओल कोणत्या वाटेने बाहेर पडणार ते पाहावे लागते. वाट बंद झाली की पाणी लेपामागे साचते, खार फुटतो, पोपडे सुटतात. मग दर दोन-तीन वर्षांनी खरवडणे आणि नवा डबा आणणे आलेच. जो लेप पुन्हापुन्हा खरवडून फेकावा लागतो तो कशापासूनही बनवलेला असो, त्याला पर्यावरणपूरक म्हणणे कठीण आहे.

सिमेंटचा घट्ट गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट ही जोडी नेमकी हीच वाट अडवते. शहरातल्या काँक्रीटच्या सदनिकेत मात्र प्रश्न वेगळा असतो. तिथे भिंत आधीच सिमेंटची आहे. गिलावा फोडून चुना लावण्यात मलबाच वाढेल. तिथे तेलाच्या रंगाऐवजी पाण्यात कालवलेला, कमी वासाचा रंग निवडणे पुरेसे. रंगाचा तो उग्र वास म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायने, आणि ती बंद खोलीत श्वासावाटे शरीरात जातात. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात 2016 च्या नियमांनी दशलक्षात 90 भागांची मर्यादा घातली. जुन्या घरातले त्याआधीचे तेलाचे थर कोरडे घासू नयेत. ती धूळ लहान मुलांना घातक असते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 2021 मध्ये आणलेला शेणापासूनचा रंगही सदनिकेच्या भिंतींसाठी एक पर्याय आहे.

चिऱ्याच्या, मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीला मात्र चुन्याइतके काहीच मानवत नाही. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीची चुनकळी 56 किलो भरते, उरलेले 44 किलो वायूच्या रूपात हवेत जातात. समुद्रकाठी शिंपले भाजूनही चुना करत आले आहेत. चुनकळी पाण्यात टाकली की ती सळसळते, फुटते, पाणी उकळू लागते. कळी नेहमी पाण्यात टाकायची, कळीवर पाणी ओतायचे नाही. उडालेला थेंब डोळा कायमचा घालवू शकतो. विरलेला चुना पाण्याखाली झाकून काही आठवडे मुरू द्यावा लागतो, तेव्हा तो लोण्यासारखा मऊ होतो. बाजारातली चुन्याची पूड सोयीची असते. पण गोणी जुनी असेल तर चुना आतल्या आत हवा खाऊन खडू झालेला असतो, आणि खडू भिंत धरत नाही.

गिलाव्यासाठी एक भाग चुना आणि साधारण तीन भाग वाळू घेतात. पूर्वी हे मिश्रण चुन्याच्या घाण्यात मळत. गोल चरातून बैल दगडी चाक फिरवत. अनेक किल्ल्यांवर तो चर अजून दिसतो. त्यात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळाचा चीक, तागाचे तंतू असे काही ना काही पडे.

सफेदीचे काम साधे दिसते आणि तिथेच बिघडते. निवळ दुधाइतका पातळ केलेला चुना फडक्यातून गाळतात, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालतात. भिंत आधी पाण्याने भिजवतात, नाहीतर ती चुन्यातले पाणी झटकन शोषते आणि मागे भुकटी उरते. चुना तळाशी बसत राहतो, म्हणून बादली सारखी ढवळावी लागते. पहिला हात उभा, दुसरा आडवा. ओला हात जवळजवळ पारदर्शक दिसतो, मागची भिंत तशीच डोकावते. नवख्या माणसाला वाटते रंग चढलाच नाही, म्हणून तो दाट चुना लावतो, आणि त्या दाट थराला तडे जातात. पातळ हात वाळताना आपोआप पांढरा होत जातो. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी. तीन हातांनंतर जो पांढरा रंग येतो तो डब्यातल्या रंगासारखा सपाट नसतो. उजेड बदलला की तोही बदलतो.

वाळण्याच्या याच काळात चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन पुन्हा चुनखडी होतो. त्यासाठी किंचित ओलावा लागतो. दिवाळीआधी सफेदी करण्याची रीत म्हणून शहाणपणाची आहे: पाऊस सरलेला असतो, हवेत दमटपणा असतो. वैशाखाच्या उन्हात लावलेली सफेदी हाताला लागते. भट्टीत जाळलेल्या इंधनाचा धूर मात्र परत येत नाही. चुना पूर्णपणे निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही.

आता डिंकाऐवजी पांढरा कृत्रिम गोंद ओतण्याची सवय पडली आहे. तो जास्त झाला की भिंतीवर पापुद्रा धरतो, मग चुना लावण्याचा हेतूच संपतो. तसेच जुन्या तेलाच्या किंवा प्लास्टिकच्या रंगावर चुना टिकत नाही. तो थर आधी पूर्ण काढावा लागतो.

रंग हवा असेल तर गेरू, काव, पिवळी माती असे मातीचेच रंग चुन्यात टिकतात, कारण चुन्याचा तीव्र अल्क त्यांना खात नाही. गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणातल्या काही देवळांच्या भिंतींवर काव आणि चुना यांचे थर खरवडून काढलेली लाल-पांढरी नक्षी आहे. तिचे सारे साहित्य त्याच जमिनीतले आणि समुद्रातले.

ज्या खोलीत पाणी उडत नाही तिथे मातीचा गिलावा चुन्याहून स्वस्त आणि कमी जळणाचा. माती, वाळू, भाताचे तूस आणि शेण एवढेच लागते. अजिंठ्याची चित्रे तूस आणि तंतू घातलेल्या मातीच्या गिलाव्यावर, वर चुन्याचा पातळ हात देऊन काढलेली आहेत, आणि वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले आहेत. चिकणमाती जास्त झाली तर वाळताना भेगा पडतात, म्हणून आधी हातभर जागेवर लावून चार दिवस पाहावे. न्हाणीघराच्या आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतींना माती देऊ नये, तिथे चुनाच बरा.

चुन्याची भिंत घासून पुसता येत नाही. पाठ घासली की पांढरा डाग कपड्याला लागतो. स्वयंपाकघरात चुलीमागच्या भिंतीला म्हणून फरशीच लावावी. बाकी ठिकाणी डाग पडला, खपली निघाली की तेवढ्यापुरती भिंत भिजवून तोच पातळ चुना फिरवला तरी पुरते. जुना थर काढावा लागत नाही, नवा त्यावरच बसतो.